कोऱ्या गोळ्यांचा निकाल

स्पर्धा परीक्षांच्या पूर्वपरीक्षेची उत्तरतालिका लागली की दर वेळी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापणं, हा पोरांचा छळ आहे. वर्षभर राबून मिळवलेले गुण परत काढून घेणं हा कुठला न्याय? दुसरी बाजू म्हणते, निगेटिव्ह काढून टाकलंत तर तुक्के मारणारे अधिकारी होतील आणि अभ्यास करणारे हात चोळत बसतील. पहिली बाजू दयेची भाषा बोलते, दुसरी शिस्तीची. गुण कापणं ही शिक्षा आहे यावर मात्र दोघांचं एकमत दिसतं. भांडण फक्त ती शिक्षा कडक की रास्त, एवढ्यापुरतं. मला वाटतं, या एकमतामुळेच वादाचा विचका होतो. शिक्षा म्हटलं की गुन्हा आला, गुन्हा आला की नीतिमत्ता आली; आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आठवीच्या बीजगणितात मिळतं, त्यावर लोक संस्कारांच्या गप्पा मारू लागतात.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. चार पर्यायांच्या, शंभर-दीडशे प्रश्नांच्या स्पर्धा परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापणं बंद करावं. ते क्रूर आहे म्हणून नाही. परीक्षा म्हटल्यावर थोडी क्रूर असायचीच. बंद अशासाठी करावं की ही कपात जे मोजायला ठेवली आहे ते मोजत नाही आणि भलतंच काहीतरी मोजून ते गुणपत्रिकेत ज्ञान म्हणून दाखवते.

आधी बीजगणित. समजा पेपर शंभर प्रश्नांचा आहे, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्याला एक तृतीयांश कपात, आणि प्रत्येक उमेदवाराने शंभरच्या शंभर प्रश्न सोडवले. ज्याचे ६० बरोबर, त्याचे ४० चुकले. त्याला ६० वजा १३.३३, म्हणजे ४६.६७ गुण. ज्याचे ६१ बरोबर, त्याला ४८. ज्याचे ५९ बरोबर, त्याला ४५.३३. आकडे सगळ्यांचे घसरले, क्रम कुणाचाच बदलला नाही. बरोबर उत्तरांच्या संख्येनुसार जी यादी लागली असती, तीच कपातीनंतरही लागली. कपात एक तृतीयांशऐवजी पाव करा नाहीतर अर्धी करा, यादी तीच. स्पर्धा परीक्षेत तर क्रमच महत्त्वाचा असतो. मग निगेटिव्ह मार्किंगमुळे क्रम बदलतो तो नेमका कुठे? फक्त एका ठिकाणी: कुणी किती प्रश्न कोरे सोडले तिथे. या नियमाची सगळी ताकद उत्तरपत्रिकेवरच्या त्या न रंगवलेल्या गोळ्यांत आहे. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा: प्रश्न कोण कोरे सोडतं, आणि का?

भाबडं उत्तर असं की ज्याला येत नाही तो सोडतो. पण स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ असे दोनच कप्पे तिथे नसतात. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळतं, दुसरा संशयास्पद वाटतो, उरलेल्या दोनांत जीव अडकतो. पोरं त्याला फिफ्टी-फिफ्टी म्हणतात आणि पेपर फुटला किंवा अवघड गेला यापेक्षा जास्त चर्चा त्यांच्यात ‘किती फिफ्टी-फिफ्टी लावले’ यावर होते. आता एक हिशेब बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीला एक तृतीयांश कपात. दोन उमेदवार घ्या, दोघांचं ज्ञान तंतोतंत सारखं: ३५ प्रश्न खात्रीने येतात, ३० फिफ्टी-फिफ्टी आहेत, ३५ डोक्यावरून गेले. पहिली उमेदवार सावध आहे. तिने खात्रीचे ३५ सोडवले आणि हात आवरला. तिला ७० गुण. दुसऱ्याने ते ३५ सोडवले आणि ३० फिफ्टी-फिफ्टीही लावले. त्यातले सरासरी १५ बरोबर येणार, म्हणजे ३० गुण अधिक. १५ चुकणार, म्हणजे १० गुण वजा. त्याला सरासरी ९०. २०२२ साली या परीक्षेचा खुल्या गटाचा कटऑफ ८८.२२ होता, २०२३ साली ७५.४१. सावध उमेदवार दोन्ही वर्षी घरी. दुसरा सरासरीने दोन्ही वर्षी मुख्य परीक्षेला. या दोघांमध्ये राज्यघटना, भूगोल किंवा अर्थशास्त्र कुणाला जास्त येत होतं? कुणालाच नाही. वीस गुणांचा फरक पडला तो स्वभावाचा.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे: ‘धोका पत्करणं हाही गुणच आहे, प्रशासनात तो लागतो.’ असेल. मग मुलाखतीत तो तपासा, किंवा त्यासाठी वेगळा पेपर ठेवा आणि तसं जाहिरातीत छापा. इतिहासाच्या पेपरातून चोरून स्वभाव मोजायचा आणि त्याला इतिहासाचे गुण म्हणायचं, हे काही पटत नाही. आणि गंमत म्हणजे, ज्यांना हा नियम हवा असतो ते एरवी नेमकं उलट सांगतात: कपात हवी, कारण तिने उतावळ्यांना चाप बसतो. सावध माणूस हवा म्हणून नियम आणायचा, आणि त्या नियमाने सावध माणसालाच बाद करायचं, याला काय म्हणावं?

बरं, हा स्वभाव सगळ्यांत सारखा वाटला गेला असता तर त्याला दैव म्हणून सोडून देता आलं असतं. तसं नाही. कॅथरीन कॉफमन या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं की कपात असली की मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, आणि याचं कारण त्यांना कमी येतं हे नाही. त्यानंतर चिलीत प्रत्यक्ष धोरणच बदललं: राष्ट्रीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली चुकीच्या उत्तराची कपात काढून टाकण्यात आली. कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०२० साली त्या बदलाचा अभ्यास मांडला. मुला-मुलींमधली प्रश्न सोडण्यातली तफावत ७० टक्क्यांनी कमी झाली, आणि वरच्या फळीतल्या विद्यार्थ्यांमध्ये गुणांची तफावतही घटली. मुली तशाच होत्या, अभ्यासक्रम तोच होता. पेपराच्या पहिल्या पानावरची एक ओळ बदलली होती.

आता विरोधी बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. ते टाळून पुढे जाणं लबाडी होईल. कपात नसेल तर प्रत्येक जण सगळे गोळे रंगवणार, आणि निकालात नशिबाची भेसळ होणार. हे खरं आहे. शंभर प्रश्नांत एकाला ४० येतात, दुसऱ्याला ३०. उरलेले दोघेही डोळे मिटून रंगवतात. पहिल्याचे सरासरी ५५ बरोबर येतील, दुसऱ्याचे ४७-४८. पण नशीब दोघांचं वेगळं असल्यामुळे शंभरात साधारण पाच-सहा वेळा ३० वाला ४० वाल्याला मागे टाकेल. लाखो उमेदवार आणि मोजक्या जागा असतील तेव्हा ही पाच-सहा टक्केवारी किरकोळ राहत नाही. खाली उभ्या असलेल्या प्रचंड गर्दीतले मूठभर नशीबवान वर येतात, आणि वरचे तेवढेच अभागी खाली जातात. ज्याचा एका गुणाने कटऑफ हुकला त्याला ‘दीर्घकाळात सरासरी सारखीच’ हे सांगून उपयोग नाही.

मान्य. पण कपात हे दुखणं बरं करते का? वरचं बीजगणित पुन्हा आठवा. दोघांनी कपात असूनही सगळे गोळे रंगवले तर क्रम तोच, आणि ३० वाला पुढे जाण्याची शक्यताही तेवढीच. कपातीचा फायदा तेव्हाच, जेव्हा दोघेही घाबरून हात आवरतील. आणि घाबरायचं कारण आहे का? चार पर्याय आणि एक तृतीयांश कपात असेल तर डोळे मिटून मारलेल्या तुक्क्याची सरासरी किंमत बरोबर शून्य. मारला काय, न मारला काय, सारखंच. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ आहे. चार आंधळ्या तुक्क्यांत एक लागणार, ४ गुण. तीन चुकणार, वजा ३. निव्वळ १ गुण फायदा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत कपात २५ टक्के, म्हणजे हिशेब तोच. या परीक्षांत प्रश्न न वाचता रंगवलेला गोळासुद्धा सरासरीने फायद्याचा असतो! मग ही कपात तुक्के थांबवते ती कुणाचे? ज्याला हा हिशेब कुणी सांगितला नाही त्याचे. चांगल्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात तो सांगतात, टेस्ट सिरीजमध्ये घटवून घेतात. एकट्याने अभ्यास करणारा, पहिल्यांदाच बसणारा उमेदवार सूचनेतला ‘गुण वजा केले जातील’ हा ठळक ठसा वाचतो आणि प्रामाणिकपणे प्रश्न सोडून देतो. नियमाचा सगळा लाभ अशा लोकांच्या अज्ञानावर उभा आहे.

आणखी एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. कपातीमुळे नशिबाचा वाटा घटतो असं सगळे धरून चालतात. तुक्का मारणाऱ्यापुरतं पाहिलं तर तो वाढतो. दोन गुणांच्या प्रश्नाला कपात नसेल तर लागला आणि चुकला यांत २ गुणांचं अंतर. एक तृतीयांश कपात आली की ते २.६७ होतं. पैज मोठी झाली. ज्याने तीस फिफ्टी-फिफ्टी लावले त्याचे गुण आता आधीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त वर-खाली हेलकावतील.

या पद्धतीचा उगम पाहिला की तिच्यातला हा विसंवाद कुठून आला ते कळतं. बहुपर्यायी चाचण्या पहिल्यांदा प्रचंड प्रमाणावर वापरल्या गेल्या त्या पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या वर्गवारीसाठी. त्या ‘आर्मी अल्फा’ चाचणीत दोन पर्यायांच्या भागांत बरोबर उत्तरांतून चुकीची उत्तरं वजा केली जात. तर्क सरळ होता. दोनच पर्याय असतील तर जेवढे तुक्के चुकले तेवढेच लागले असणार, म्हणून तेवढे काढून टाका. चार पर्यायांसाठी हाच तर्क एक तृतीयांशावर येतो. लक्षात घ्या, हे मुळात शिक्षेचं सूत्र नव्हतंच. तुक्क्याचा अंदाजे वाटा वगळण्याची ती दुरुस्ती होती. त्यामागचं गृहीतक असं, की माणसाला एक तर उत्तर ठाऊक असतं किंवा तो पूर्ण आंधळा असतो. मधलं काही नाही. शंभर वर्षांनी आपण ते गृहीतक विसरलो, दुरुस्तीचं नाव ‘निगेटिव्ह’ ठेवलं आणि त्या नावाची दहशत बसवली. वर अनेक परीक्षांनी आकडा एक तृतीयांशावरून पाव केला. दया म्हणून केला असेल, पण त्याने सूत्राचं उरलंसुरलं गणितही गेलं. तुक्का पूर्ण वगळला जात नाही, आणि भीती मात्र तशीच राहते.

नावाची दहशत म्हणतो, कारण तीच अट उलट्या बाजूनेही लिहिता येते. अमेरिकेतल्या एएमसी या गणित स्पर्धेत २५ प्रश्न, पाच पर्याय. बरोबरला ६ गुण, कोऱ्याला दीड, चुकीला शून्य. तिथे कुणाचे गुण ‘कापले’ जात नाहीत, कोरं सोडणाऱ्याला बक्षीस मिळतं. अटीची जात तीच. पण हातचं गेल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. नुसत्या शब्दांच्या फेराने उमेदवाराचा हात थरथरणार असेल, तर त्या थरथरीला गुणवत्ता म्हणायचं का?

एक आक्षेप मात्र मला खरोखर मोलाचा वाटतो. आपल्याला काय माहीत नाही हे माहीत असणं, हाही ज्ञानाचा भाग आहे. छातीठोकपणे चुकणाऱ्या डॉक्टरापेक्षा ‘मला खात्री नाही, तपासून सांगतो’ म्हणणारा डॉक्टर बरा. परीक्षेने ही जाणीव मोजली तर उत्तमच. पण कोरा गोळा ती मोजत नाही. ज्याला एका पर्यायाची ९० टक्के खात्री आहे तो आणि ज्याला ४० टक्के आहे तो, दोघे एकच गोळा रंगवतात, आणि दोघांनाही चुकल्यावर सारखाच फटका बसतो. खात्री मोजायची असेल तर तिचे मार्ग केव्हाच सापडलेले आहेत. हवामानशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता: ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ म्हणणाऱ्याला गुण कसे द्यायचे, की त्याने मनात आहे तोच आकडा सांगावा? ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये त्याचं सूत्र दिलं. क्लाइड कूम्ब्स यांनी १९५३ मध्ये सुचवलं की उमेदवाराला बरोबर पर्याय निवडायला लावण्याऐवजी चुकीचे खोडायला सांगा. जेवढे चुकीचे खोडले तेवढे गुण, बरोबर खोडला तर वजाबाकी. ब्रुनो डी फिनेटी यांनी १९६५ मध्ये पर्यायांवर आपली खात्री वाटून देण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे आयआयटी प्रवेशाच्या ‘जेईई अॅडव्हान्स्ड’मध्ये एकाहून अधिक बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नांना अंशतः गुण असतात, आणि ज्यात उत्तराचा आकडाच लिहायचा त्या प्रश्नांत कपात नसते, कारण आकडा लिहायचा म्हटला की तुक्का जवळजवळ निरर्थकच होतो. हे करायला कष्ट पडतात, प्रश्न काढणाऱ्याला डोकं लावावं लागतं. कपातीला काहीच लागत नाही, सूचनापत्रिकेत एक ओळ वाढवली की झालं. मला तर संशय आहे की तिच्या लोकप्रियतेचं खरं कारण एवढंच आहे.

आणि प्रश्नच सदोष असेल तर? कपात नसताना चुकीच्या उत्तरतालिकेचं नुकसान एका प्रश्नाच्या गुणांपुरतं. कपात असली की ते वाढतं. २०२४ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं ग्राह्य धरली गेली, कारण जुन्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य चुकीचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. मग दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण घटले, ४ नव्हे तर ५: मिळालेले चार गेले, वर एक कपात. पैकीच्या पैकी ७२० मिळवलेल्यांची या बदलाआधी ६१ असलेली संख्या फेरनिकालात १७ वर आली. त्या मुलांनी तुक्का मारला नव्हता. त्यांनी पाठ्यपुस्तक वाचलं होतं. आणि ज्याने दोन उत्तरं बरोबर दिसतायत म्हणून गोंधळून तो प्रश्न सोडला, त्याचा एक गुण वाचला.

कपात काढली तर आकाश कोसळेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी आजूबाजूला पाहावं. महाराष्ट्राच्या ‘सीईटी’त कपात नाही, अभियांत्रिकीचे बहुतेक प्रवेश त्यावर होतात. अमेरिकेतल्या ‘सॅट’ या महाविद्यालय प्रवेश परीक्षेने कित्येक दशकं पाव गुणाची कपात ठेवली आणि मार्च २०१६ मध्ये ती सोडून दिली. उलट केंद्रीय आयोगाची पूर्वपरीक्षा २००७ च्या आधी कपातीशिवायच चालत होती. त्याआधीचे अधिकारी तुक्क्यावर लागले, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ते त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

नशिबाच्या भेसळीचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला कपातीपेक्षा चांगली उत्तरं आहेत. प्रश्नसंख्या वाढवा, नशिबाचा वाटा प्रश्नांच्या संख्येबरोबर आपसूक विरतो. काही प्रश्न आकडा लिहायचे ठेवा. पर्याय असे काढा की दोन वाचताक्षणी बाद होणार नाहीत. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा: ‘सर्व प्रश्नांची उत्तरे द्या, चुकीसाठी गुण कापले जाणार नाहीत.’ ही ओळ महत्त्वाची. ती नसेल तर कपात काढूनही भिडस्त उमेदवार प्रश्न सोडतच राहील आणि त्याचं नुकसान आणखी वाढेल. सगळे प्रश्न सोडवायला लावण्याचा एक आडफायदाही आहे. कोरा गोळा ही घोटाळ्याला उघडी खिडकी असते. मध्य प्रदेशातल्या व्यापम या प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्यात उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवून मागाहून भरल्याचे आरोप झाले. राजस्थान लोकसेवा आयोगाने तर ‘प्रश्न सोडवला नाही’ असा पाचवा पर्यायच छापला, आणि पाचांपैकी एकही न रंगवल्यास गुणकपात ठेवली. म्हणजे कोरं सोडायला परवानगी द्यायची, मग कोऱ्याची भीती वाटते म्हणून कोरं सोडल्याचा गोळा रंगवायला लावायचा! सगळ्यांनाच सगळं सोडवायला सांगितलं असतं तर ही कसरत लागलीच नसती.

यात कुणाला माझं म्हणणं खोडायचं असेल तर त्यासाठी नवी समिती नेमायची गरज नाही. प्रत्येक ओएमआर शीट, म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, स्कॅन होते, त्यामुळे कुणी किती प्रश्न कोरे सोडले हा आकडा प्रत्येक आयोगाकडे आजही पडून आहे. निकालासोबत आयोग कटऑफ छापतात. त्याच तक्त्यात आणखी एक स्तंभ छापावा: कोऱ्या प्रश्नांची सरासरी, मुली आणि मुलगे वेगळे, पहिलाच प्रयत्न आणि चौथा प्रयत्न वेगळा, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण वेगळे. नावं नकोत, आसनक्रमांक नकोत. तो स्तंभ सगळीकडे सारखा निघाला तर हा लेख मी मागे घेतो.